पाठांतराचा आरोप आणि जीवरसायनशास्त्र

जीवरसायनशास्त्र आणि रेण्वीय जीवशास्त्र या जोडविषयाच्या पदवी अभ्यासक्रमावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की त्यातील चयापचयाचे मार्ग, म्हणजे पेशीत अन्नघटकांची टप्प्याटप्प्याने होणारी रासायनिक रूपांतरे, ही निव्वळ घोकंपट्टी असून, ती माहिती संगणकावर क्षणात मिळत असताना विद्यार्थ्यांचा वेळ जनुके आणि संगणकीय विश्लेषण यांनाच द्यावा. या पूर्वपक्षात तथ्य नाही असे नाही. सायट्रिक आम्लचक्राची नामनिर्देशित आकृती काढायला सांगणाऱ्या परीक्षांनीच त्याला बळ पुरवले आहे. मात्र दोष परीक्षेचा आणि शिक्षा विषयाला, हा न्याय मान्य होण्यासारखा नाही.

याच चक्रातील सायट्रेटचे आयसोसायट्रेट होण्याची पायरी पाहावी. पाठ करणाऱ्याला ती निरर्थक वाटते, कारण तीत अणूंची संख्या बदलत नाही आणि ऊर्जाही हाती लागत नाही. परंतु सायट्रेटमधील हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनला जोडलेला असतो त्यावर एकही हायड्रोजन नसल्यामुळे तेथे ऑक्सिडीकरण करून, म्हणजे हायड्रोजन काढून घेऊन, कीटोन बनवता येत नाही. म्हणून अ‍ॅकोनिटेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणारे प्रथिन, पाण्याचा एक रेणू काढून जागा बदलून पुन्हा जोडते, आणि त्यानंतरच ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे कारण उमगल्यावर पायरी पाठ करण्याची गरजच उरत नाही.

शिवाय चयापचयाचा हा मार्ग चक्राकार आहे हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. ते अनुमानाने सिद्ध झाले. शेफिल्ड विद्यापीठात हान्स क्रेब्ज आणि विल्यम जॉन्सन यांनी १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर केलेल्या प्रयोगांत मॅलोनेट वापरले, जे घडणीने सक्सिनेटसारखे असल्यामुळे सक्सिनेटचे फ्यूमरेट करणाऱ्या विकरात त्याची जागा अडवते. ही वाट बंद असतानाही तिच्या पलीकडच्या ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटपासून, ऑक्सिजनच्या उपस्थितीत, अलीकडचे सक्सिनेट तयार होऊन साचले. याचा अर्थ दुसऱ्या बाजूने वळसा घेणारा मार्ग असलाच पाहिजे. परीक्षेत आकृतीऐवजी हे विचारावे: मॅलोनेट घातल्यावर काय साचेल आणि का?

संगणकाचे महत्त्व कोणी नाकारत नाही. प्रथिनांची त्रिमितीय रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. पण तीही प्रयोगशाळांनी अनेक दशके कष्टाने निश्चित केलेल्या रचनांवरच घडली आहे, हे तिचा दाखला देणारे सोयीस्करपणे विसरतात.

प्रात्यक्षिकांऐवजी तयार किट वापरावीत, ही सूचना त्याहून घातक आहे. भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सायरस फिस्क यांनी हार्वर्डमध्ये १९२५ साली प्रसिद्ध केलेली पद्धत, जीत मोलिब्डेटमुळे येणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवले जाते, अनेक महाविद्यालयांत करवून घेतली जाते ती उगाच नव्हे. स्नायूच्या अर्कात हा रंग अपेक्षेपेक्षा सावकाश चढतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्याला हातचूक न समजता त्यांनी कारण शोधले आणि १९२७ मध्ये आम्लात सहज फुटणारे, स्नायूला तातडीची ऊर्जा पुरवणारे फॉस्फोक्रिएटिन उजेडात आले. ठरावीक वेळेनंतर एकच आकडा दाखवणाऱ्या किटमध्ये तो उशीर दिसलाच नसता.