फुलं कुठायत?

मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर संपादक मंडळातल्या एकाने विचारलं, "तू? मराठीत?" विचारणं साहजिक आहे. बालवर्गापासून मी कॉन्व्हेंटमध्ये. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, आणि मुद्द्यावर भांडायचं असेल तर कॅन्टीनमध्ये भेटा. मुद्दा एवढाच आहे की शेत बघायला गेल्यावर आपण जसे वागतो तसे कुठल्याही कारखान्यात वागत नाही. वागलो तर गेटबाहेर काढतील. शेतकरी काढत नाही, उलट जेवायला वाढतो.

सुरुवात झाली लॅव्हेंडरपासून. गेल्या मे महिन्यात पेपर संपले आणि आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या चुलत बहिणीने फ्रान्समधून फोटो पाठवले. प्रोव्हान्सची लॅव्हेंडरची शेतं! क्षितिजापर्यंत जांभळ्या रांगा आणि मधोमध पांढऱ्या फ्रॉकमध्ये ताई. झालं, सगळ्यांना अचानक 'कंट्रीसाइड'ची ओढ लागली. मलाही लागली, खोटं कशाला बोलू? केजीत 'लॅव्हेंडर्स ब्लू' म्हणत मी मान डोलवलेली आहे. पुढे वर्ड्सवर्थची 'डॅफोडिल्स' पाठ करून बक्षीसही मिळवलं. ही दोन्ही फुलं मी अजून पाहिलेली नाहीत. लॅव्हेंडर म्हणजे आजीच्या कपाटातली यार्डलेची पावडर, एवढीच ओळख.

फ्रान्स बजेटमध्ये बसेना म्हणून शोधाशोध केली. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहला खरोखरीची लॅव्हेंडरची शेती आहे. सीएसआयआरच्या 'अरोमा मिशन'मधून तिथल्या शेतकऱ्यांना रोपं मिळाली, मक्याच्या जागी लॅव्हेंडर आलं, आणि २०२२ साली तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सवही झाला. पण तो बहर मुख्यतः जून-जुलैचा, आणि तोपर्यंत आमचं पुढचं सेम डोक्यावर! मग कोणी म्हणालं कास पठार. कासला फुलं येतात ऑगस्टअखेरीपासून. आपल्याकडे कोकणपट्टीत लॅव्हेंडर का लावत नाहीत, हाही प्रश्न आला. त्या झाडाला कोरडी, निचऱ्याची जमीन आणि थंडी लागते. आपल्या पावसात त्याची मुळं सडतील.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आत्याचं मोगऱ्याचं शेत आहे. आगाशीला."

कॉलेजच्या तीन वर्षांत हे मी पहिल्यांदाच बोलले होते. लपवलं होतं असं नाही, पण सांगितलंही नव्हतं. कोणी विचारलं की "आमचे रिलेटिव्हज विरारला असतात" एवढ्यावर भागवायचे. मोगरा, कागडा, सायली, कुंदा हे सगळं माझ्या लेखी 'जास्मिन'. आत्या हसायची. डॅफोडिल्सबद्दल बोलताना माझं असं होत नाही, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

तर आम्ही सहा जण निघालो. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर-वसई रो-रो सुरू झाल्यापासून आम्हा भाईंदरकरांची मोठी सोय झाली आहे. स्कूटर बोटीत चढवायची, खाडी ओलांडायची आणि वसई किल्ल्याजवळ उतरायचं. नाहीतर घोडबंदरच्या पुलाला वळसा घालून हायवेच्या ट्रॅफिकमध्ये भाजून निघायचं. साडेअकराच्या सुमारास आत्याकडे पोचलो. पन्हं झालं, आणि सगळे वाडीत शिरले.

"फुलं कुठायत?"

समोर गुडघ्याएवढ्या हिरव्या झुडपांच्या रांगा. पांढरं काही नाही. इकडे-तिकडे चुकार दोन-चार उमललेली, उन्हाने कडा तपकिरी झालेली फुलं. एकीचा चेहरा तर सिनेमाची तिकिटं संपल्यासारखा झाला.

आत्या म्हणाली, "फुलं दिसली तर आमचं चुकलं म्हणायचं."

हे वाक्य मला त्या दिवशी कळलं नाही. मोगरा कळी असतानाच तोडतात. पूर्ण भरलेली, पांढरीशुभ्र, पण मिटलेली कळी. तीही सूर्य वर यायच्या आत, कारण ऊन लागलं की तिचा तजेला जातो. पहाटे तोडलेली कळी दिवसभर ओल्या फडक्यात राहते आणि संध्याकाळी उमलते, म्हणजे नेमकी गजरा माळायच्या वेळेला. फुललेला मोगरा गजऱ्यात ओवत नाहीत, त्याला भाव नाही. थोडक्यात, मोगरा फुलतो तो गिऱ्हाइकाच्या केसात. पिकवणाऱ्याच्या शेतात तो फुललेला दिसला, तर ती कळी तोडायची राहिली असं समजायचं.

लॅव्हेंडरचं उलट आहे. त्याचे तुरे फुलावर आल्यावरच कापतात, त्यामुळे काही आठवडे शेताचं पीक आणि शेताची शोभा एकच असते. मग कापणी, आणि फुलं भट्टीत. खालून वाफ सोडायची, ती तेल घेऊन वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होते, पाण्यावर तेल तरंगतं. आम्ही केमिकलवाले ज्याला स्टीम डिस्टिलेशन म्हणून व्हायवात अडखळतो, तेच. शंभर किलो फुलांमागे तेल साधारण किलोभर निघतं. म्हणजे फोटोतलं ते जांभळं क्षितिजसुद्धा कोणाच्या तरी डिस्टिलेशन युनिटचा कच्चा माल आहे. फक्त तिथे कच्चा माल देखणा आहे आणि आगाशीत तो हिरवा दिसतो. सगळं शेत कॅमेऱ्यासाठी नटून बसलेलं असेल, ही अपेक्षा आम्ही फोटोतून उचललेली होती.

पण फोटो तर हवेच होते! मग वाडीच्या मागच्या अंगाला जिथे कळ्या जास्त दाटीने दिसत होत्या तिथे मोर्चा वळला. त्या दुसऱ्या दिवशीच्या कळ्या होत्या. दोन रांगांमध्ये जेमतेम एका माणसाला चालता येईल एवढी जागा. आम्ही तिथे सहा जण. कोणी झुडपांत बसून, कोणी मागे रेलून, ओढणी उडवून, "अजून एक, अजून एक" करत तासभर. मी काय केलं? मी फोटो काढत होते. जेवायला आत्याने वालाचं बिरडं केलं होतं. सगळ्यांनी दोनदा घेतलं. संध्याकाळच्या बोटीने मंडळी परत गेली, मी राहिले.

रात्री तीन वाजता आत्याने उठवलं. "येतेस का, बाय?" डोक्याला बॅटरी बांधून आम्ही वाडीत गेलो आणि मागच्या भागात पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. ठिबकची नळी जोडापासून निघाली होती. आमच्यापैकी कोणीतरी तिच्यावर उभं राहिलं असणार. काकांनी रात्री नेहमीप्रमाणे पाणी सोडलं, आणि ते एकाच जागी वाहत राहिलं. पुढच्या रांगा कोरड्या. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला ७१ मार्क आहेत, हे इथे नमूद करून ठेवते.

काकांनी नळी बसवली. आत्या बॅटरीच्या उजेडात मोडलेल्या फांद्या बघत होती. मी "सॉरी आत्या" म्हटलं. ती म्हणाली, "पाण्याचं काय, परत सोडू. फांदीला परत बहर यायला महिना लागतो." पुढे काही बोलली नाही. मला जेवताना दोनदा वाढलेलं बिरडं आठवत राहिलं.

मग मी कळ्या तोडल्या. पहिल्या दहा मिनिटांत समजलं की हे काम बोटांचं आहे, डोळ्यांचं नाही. आत्याची दोन्ही हातांची बोटं वेगवेगळ्या फांद्यांवर चालत होती आणि ओटी भरत होती. माझ्या अर्ध्या कळ्या तिने बाजूला काढल्या. कच्च्या होत्या. किलोभर व्हायला हजारो कळ्या लागतात. माझ्या वाटणीच्या पावभर तरी झाल्या असतील का, शंका आहे. उजाडायच्या आत काका माल घेऊन स्टेशनवर गेले. तिथून विरार लोकलच्या मालडब्यातून दादर. मीनाताई ठाकरे फूल मंडईत त्या दिवशी जो भाव फुटेल तो. लग्नाची तिथी असेल तर बरा, नसेल तर गाडीभाडं सुटलं तरी नशीब. भाव कमी म्हणून उद्या विकू, असं मोगऱ्याला सांगता येत नाही.

घरी येऊन फोन बघते तर फोटो चढलेले. खाली ओळ, 'आमचं प्रोव्हान्स'. ज्या रांगेत मी तासाभरापूर्वी चिखलात उभी होते तीच रांग. मी त्याला लाइक दिलं. हो, दिलं. ते पाच जण आता हा लेख वाचतील. त्यांना हे सगळं आज पहिल्यांदाच कळतंय.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, पर्यटक नकोतच का शेतात? असं मी म्हणत नाही. जपानमध्ये होक्काइदो बेटावर फुरानोला 'फार्म तोमिता' म्हणून लॅव्हेंडरचं शेत आहे. १९७० च्या दशकात कृत्रिम सुगंध स्वस्त झाले आणि लॅव्हेंडरच्या तेलाला कोणी विचारेना. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी झाडं उपटली. तोमितांचीही तीच वेळ आली होती. १९७६ साली जपानच्या राष्ट्रीय रेल्वेच्या कॅलेंडरवर त्यांच्या शेताचा फोटो छापून आला, लोक तो बघून यायला लागले, आणि शेत वाचलं. म्हणजे फोटोने शेत वाचू शकतं! पण तिथे माणसांना चालायला वेगळ्या वाटा आहेत, आणि आलेला माणूस साबण, तेल, अत्तर घेऊन काहीतरी मागे ठेवून जातो. आमच्या फोटोंनी आत्याच्या वाडीत काय ठेवलं, ते वर लिहिलंच आहे.

कासचंही तसंच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि सातारच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर ती इवलीशी फुलं. पायाखाली गेली की गेली. शेवटी ऑनलाइन बुकिंग, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा असं सगळं करावं लागलं. कुंपणही घातलं होतं, पण त्यामुळे गुरांचं चरणं थांबून गवत माजतं आणि फुलं दबतात अशी तक्रार झाली. नंतर ते काढलं. गाय चरलेली चालते आणि आपण चाललेलं चालत नाही, असा त्याचा हिशोब निघतो. यावर हसावं की कसं, मला ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाला २००५ च्या सुमारास बारामतीकडे संघटित रूप आलं, २०२० मध्ये सरकारने त्याचं धोरणही केलं. चांगलंच आहे. पण बऱ्याच ठिकाणी बैलगाडीची फेरी, हुरडा, झोका आणि सेल्फी एवढंच पदरात पडतं. शेतात चाललेलं काम बघायला मिळत नाही, कारण ते बहुतेक वेळा आपल्या सोयीच्या तासांत नसतं.

आता आपली आय.व्ही. आठवा. कारखान्यात शिरताना हेल्मेट, बूट, पिवळ्या पट्टीच्या आत चालायचं, मशीनला हात लावायचा नाही, फोन गेटवर जमा. सुपरवायझर ओरडला तर मुकाट ऐकायचं. एवढं सगळं आपण निमूट करतो कारण तो 'प्लांट' आहे. मग ठिबकची लाइन, छाटणीचं वेळापत्रक, उजाडायच्या आत संपणारी शिफ्ट आणि काही तासांत खराब होणारा माल असलेली वाडी 'प्लांट' नाही? तिला आपण 'निसर्ग' म्हणतो, आणि निसर्ग म्हटलं की तो फुकट आणि सगळ्यांचा. इतकंच कशाला, आमच्या मीरा-भाईंदरमध्ये राई, मुर्धा, मोर्वा या गावांत शेती आहे, हे मेट्रोच्या कारशेडवरून वाद झाला तेव्हा माझ्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना कळलं. मी त्या निम्म्यांतलीच. सायकलवर जाता येईल इतकं जवळ आहे ते.

म्हणून एच.ओ.डी. सरांना मी विचारलंय की पुढच्या आय.व्ही.च्या यादीत एक मोगऱ्याची वाडी घालता येईल का. सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. "अर्ज द्या" म्हणाले. माणशी पैसे द्यायचे, त्या दिवसाची मजुरी समजून. दहाच्या वर मुलं नकोत. आत्यालाही फोन केला. जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तीनला उठणार असतील तर येऊ देत. दुपारी नको."

नावं माझ्याकडे द्यायची आहेत. मेकॅनिकलचा एक तरी हवा. मागच्या रांगेतला तो ठिबकचा जोड अजून थोडा गळतोय.