'बाल्डर्स गेट ३': सोबत्याला हवं ते देणं म्हणजे त्याचं भलं करणं असतं का?

डिसेंबर २०२५ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या सोहळ्यात बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं 'डिव्हिनिटी' या नव्या गेमची घोषणा केली. त्याच सुमारास कंपनीचे प्रमुख स्वेन विंके एका मुलाखतीत म्हणाले की, सुरुवातीच्या कल्पना चाचपून बघायला आमच्याकडे जनरेटिव्ह एआय वापरलं जातं. तयार गेममध्ये एआयनं बनवलेलं काही नसेल, असंही त्यांनी सांगितलं. तरी चाहते भडकले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये कन्सेप्ट आर्टसाठी हे तंत्रज्ञान वापरणार नाही, असं कंपनीला जाहीर करावं लागलं.

एवढा राग का आला? त्याचं उत्तर लॅरियनच्या आधीच्या गेममध्ये, 'बाल्डर्स गेट ३'मध्ये सापडतं. त्यातल्या पात्रांमध्ये लोक इतके गुंतलेत की ती माणसांनीच घडवलेली असावीत, हा आग्रह त्यांना स्वतःचा हक्क वाटतो.

(स्पॉयलर अलर्ट: पुढे गेमच्या कथेतले महत्त्वाचे प्रसंग उघड केले आहेत.)

हा गेम नेमका काय आहे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ पासून टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळला जाणारा खेळ. त्याच्या नियमांवर आणि जगावर हा गेम बेतलाय. जवळपास तीन वर्षं 'अर्ली ॲक्सेस'मध्ये, म्हणजे अर्धवट अवस्थेत खेळाडूंच्या हाती राहिल्यावर तो ३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण रूपात आला. त्या वर्षीचा 'गेम ऑफ द इयर' पुरस्कार त्यालाच मिळाला. ॲस्टेरियन हे पात्र साकारणारे नील न्यूबॉन सर्वोत्कृष्ट अभिनयासाठी गौरवले गेले.

कथा अशी: तुमच्या डोक्यात एक अळी सोडली गेलीय. ती तुमचं रूपांतर राक्षसी प्राण्यात करू शकते. वाटेत तुमच्यासारखेच अळीग्रस्त सोबती भेटतात. पण यातला कुणीच निखळ चांगला नाही.

शॅडोहार्ट एका अंधारपूजक पंथाची पुजारीण आहे आणि त्या पंथासाठी तिनं स्वतःच्या आठवणीही पुसू दिल्यात. गेल महत्त्वाकांक्षेपायी स्वतःच चालताबोलता बॉम्ब झालेला जादूगार आहे. विलनं सैतानी शक्तीशी करार केलाय. आणि ॲस्टेरियन हा रक्तपिपासू व्हॅम्पायर दोनशे वर्षं आपल्या मालकाचा गुलाम होता.

निवडीचा परिणाम कसा ठरतो?

तुम्ही काही बोललात किंवा केलंत की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येते: अमक्याला हे आवडलं, तमक्याला नाही. निर्वासितांना मदत करतो म्हणालात की ॲस्टेरियन नाक मुरडतो. त्याच निर्वासितांची कत्तल केलीत, तर विल आणि कार्लाक तुम्हाला सोडून जातात.

त्यामुळे खेळणारा आपोआप सगळ्यांना खूश ठेवायला लागतो. मीही पहिल्या वेळी तेच केलं. कोण सोबत आहे ते बघून उत्तरं बदलायची, जमलं नाही तर जुना सेव्ह उघडायचा. गेमची खरी ताकद पुढे कळते, कारण ही खूश ठेवण्याची सवय तो आपल्यावरच उलटवतो.

ॲस्टेरियनचा पेच

ॲस्टेरियनचा मालक कॅझाडोर एका विधीची तयारी करत असतो. सात हजार व्हॅम्पायर गुलामांचे आत्मे बळी द्यायचे आणि त्या बदल्यात उन्हात फिरण्याची, रक्ताच्या तहानेपासून सुटण्याची शक्ती मिळवायची. ॲस्टेरियनला मालकाला संपवून हा विधी स्वतः पुरा करायचाय. तो तुमची मदत मागतो.

दोनशे वर्षं छळ सोसलेल्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या तळघरात कोंडलेले अनेकजण ॲस्टेरियननंच फसवून आणलेले असतात. अन्याय झालेला माणूस अन्याय करतो, तेव्हा त्याचं किती माफ करायचं? कर्णावर तासन् तास वाद घालणाऱ्या आपल्याला हा प्रश्न नवा नाही.

मदत केलीत, तर त्याला हवं ते मिळतं आणि तो दुसरा कॅझाडोर होतो. तुमच्याशी त्याचं प्रेम जुळलं असेल, तर तुम्हीही त्याची मालमत्ता ठरता. त्याला रोखलंत, तर तो मालकाला मारून ढसाढसा रडतो. मग प्रश्न उरतो सात हजार भुकेल्या व्हॅम्पायरांचा. सोडायचं की मारायचं? आणि गेमच्या शेवटी, अळी नष्ट झाल्यावर ऊन अंगावर पडतं, ॲस्टेरियनची त्वचा जळू लागते आणि तो सावलीकडे धावत सुटतो. तुम्ही योग्य तेच केलं असेल, पण किंमत त्यानं मोजलेली असते.

शॅडोहार्टच्या बाबतीत धडा उलटा आहे. देवीच्या आज्ञेनं एका बंदिवान स्त्रीला भाल्यानं मारायची वेळ तिच्यावर येते. तिथे जबरदस्तीनं अडवू पाहिलंत, तर ती तुमच्यावरच उलटू शकते. पण आधी तिचा विश्वास कमावला असेल, तर तुम्ही गप्प राहिलात तरी ती स्वतःच भाला फेकून देते.

म्हणजे एकाला अडवणं ही मैत्री आणि दुसरीला मोकळं सोडणं हीसुद्धा मैत्रीच. कोणत्या वेळी काय, हे सांगणारा नियम नाही. त्या माणसाला आपण किती ओळखलंय, त्यावरच सगळं ठरतं.

मग यात त्रुटी नाहीत का?

आहेत. विश्वास शेवटी गुणांमध्येच मोजला जातो. निर्णय चुकला तर जुना सेव्ह उघडून पश्चात्तापातूनही सुटता येतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'ऑनर मोड'नं ती पळवाट बंद केली.

दुष्टपणाचा रस्ता मात्र बराच काळ ओसाड राहिला. पहिल्या वर्धापनदिनी लॅरियननं दिलेल्या आकडेवारीनुसार खेळाडूंनी सोबत्यांची साडेसात कोटींहून अधिक चुंबनं घेतली. त्यातली २ कोटी ७० लाख शॅडोहार्टच्या वाट्याची, तर दुष्टांच्या बाजूनं लढणाऱ्या मिंथाराच्या वाट्याला आली जेमतेम १ लाख ७० हजार. खेळाडूंना वाकडी माणसं आवडतात, पण ती सुधारण्याची आशा असेल तर.

ही आशा इतकी चिवट होती की तिनं गेमही बदलला. कार्लाकच्या छातीत हृदयाऐवजी नरकातलं इंजिन आहे आणि तिचं मरण जवळपास अटळ आहे. तिचा शेवट अपुरा वाटल्याची ओरड झाली आणि काही आठवड्यांतच अपडेटमधून तो वाढवला गेला.

असे गेम सर्रास का बनत नाहीत?

कारण खर्च. प्रत्येक निवडीसाठी वेगळे संवाद, वेगळा अभिनय लागतो आणि त्यातला मोठा भाग बहुतेक खेळाडू कधी बघतच नाहीत. लॅरियननं तो धोका पत्करला. पण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मालकी हॅस्ब्रोकडे आहे. गेम ऑफ द इयरचा पुरस्कार मिळाल्यानंतर काही दिवसांतच हॅस्ब्रोनं सुमारे १,१०० जणांची कपात जाहीर केली. या गेमचा पुढचा भाग आपण करणार नाही, असं लॅरियननं मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

एआयवरच्या रागाचं मूळ इथे आहे. सोबत्याच्या चेहऱ्यावरचं दुःख खरं वाटलं, कारण कुणीतरी ते लिहिलं होतं आणि कुणीतरी ते अभिनयातून उभं केलं होतं. 'डिव्हिनिटी'त नवे सोबती येतील, तेव्हा चाहते सगळ्यात आधी तेच तपासतील.