उत्सव आणि हजेरीपट

आमच्या निवासी विद्यालयात १४ एप्रिल, २६ नोव्हेंबर आणि ३ जानेवारी हे दिवस निष्ठेने साजरे होतात. स्नेहसंमेलनाचा मंडपही दरवर्षी मोठा होत जातो. याचा आम्हांला आनंदच आहे. मात्र विद्यार्थ्याशी ज्या दिवसाचे नाते सर्वांत निकटचे, तो ७ नोव्हेंबर दोन भाषणांत आटोपतो, याची खंत वाटते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचा प्रवेश झाला. २०१७ पासून राज्यात हा ‘विद्यार्थी दिवस’ आहे. त्या मुलाला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसला की तहान सोसावी लागे. तरीही तो शाळेत टिकला.

हा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि सुटीनंतर वसतिगृहातील काही खाटा रिकाम्याच राहतात. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरली मुलगी आईवडिलांबरोबर फडावर गेलेली असते. संमेलनातील नृत्यात तिच्या जागी दुसरी उभी राहते. पटावरची तिची जागा मात्र कोणी घेऊ शकत नाही.

आमची सूचना साधी आहे. या दिवशी, अथवा सुटी असल्यास शाळा उघडताच, परिपाठात संपूर्ण हजेरीपट वाचावा. जे नाव उत्तराविना राहील, त्याच्या शोधात आम्ही शिक्षकांनी त्याच आठवड्यात निघावे. मंडपाच्या खर्चातील काही वाटा त्या प्रवासासाठी राखावा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीवर रंगविला आहे. तो रिकाम्या खाटेपर्यंत पोहोचला, तरच आपला उत्सव सार्थ ठरेल.