किल्ली आपली, कुलूप परक्याचे

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एके काळी रसायनांच्या कारखान्यांचे राज्य होते. आज तेथेच, ऐरोली, रबाळे आणि महापे येथे, माहितीकेंद्रांच्या अवाढव्य इमारती उभ्या आहेत. देशाच्या आर्थिक व्यवहारांचा मोठा भाग अशा केंद्रांतून वाहतो. हे व्यवहार ज्या गणिती कुलपांत सुरक्षित मानले जातात, त्यांतील काही महत्त्वाची कुलपे पुरेसा समर्थ क्वांटम संगणक उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवून दिले होते.

यावरील एक उपाय त्याही आधी, १९८४ साली, बेनेट आणि ब्रासार या शास्त्रज्ञांनी मांडला होता, आणि तोही आपल्याच बंगळूरच्या परिषदेत! गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणावरून पाठवावयाची. वाटेत कोणी ती चोरून वाचू लागला की कणांची अवस्था बिघडते आणि चोरी उघडकीस येते. परंतु काचतंतूतून शंभर किलोमीटर जाईपर्यंत शंभरांतील जेमतेम एक कण उरतो. तो टिपण्यासाठी नायोबियम नायट्राइडसारख्या अतिसंवाहक द्रव्याची, केसाहून शेकडो पटींनी बारीक तार उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवावी लागते. कण आदळताच तारेची अतिसंवाहकता क्षणभर मोडते आणि विद्युत्स्पंद उमटतो. या शोधकांचे व्यापारी उत्पादन मोजक्याच देशांत होते. त्यांच्या शीतयंत्रणेला लागणारा हेलियमही आपण मुख्यतः आयातच करतो.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. दोन हजार किलोमीटर अंतरावरील शहरे अशा संदेशवहनाने जोडणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. प्रश्न असा की, हे जाळे परदेशी शोधकांवर उभारावयाचे असेल, तर त्यास स्वावलंबन म्हणावे काय? अमेरिकेच्या व ब्रिटनच्या सुरक्षा संस्थांनी तर या पद्धतीच्या सध्याच्या उपयुक्ततेविषयीच शंका व्यक्त केली असून, नव्या गणिती कुलपांना पसंती दिली आहे. त्यांची पहिली प्रमाणके ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्धही झाली.

पैसा एकच असतो. तो एका कामी लागला की दुसऱ्या कामास मुकतो. म्हणून क्रम ठरविणे अगत्याचे आहे. बँकांनी व माहितीकेंद्रांनी नवी गणिती कुलपे विनाविलंब स्वीकारावीत. त्यांस खर्च तुलनेने कमी येतो. क्वांटम मिशनच्या निधीतील भरीव वाटा मात्र किलोमीटर मोजण्याऐवजी शोधक आणि शीतयंत्रे देशात घडविण्यावर खर्च व्हावा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१६ साली बिस्मथमधील अतिसंवाहकता सिद्ध केली. पवईच्या आयआयटीकडे याच मिशनचे संवेदनविषयक केंद्र आहे. कुलाबा, पवई आणि बेलापूर यांना जोडणारी एक लहान प्रयोगवाहिनी उभारावी आणि देशी शोधकांचे पहिले ग्राहकत्व शासनाने स्वतः पत्करावे. निश्चित गिऱ्हाईक असल्यावाचून कोणताही उद्योजक अशा जोखमीत भांडवल घालणार नाही.

ज्याचे कुलूप परक्याच्या कारखान्यात घडते, त्याने किल्ली कितीही जपली तरी तो निर्धास्त झोपू शकत नाही.