पुरोहित गेला, साक्षीदार कोण?

भटजीला न बोलावता वधूवरांच्या एखाद्या मित्राने, आत्याने, मामाने किंवा शिक्षकाने त्यांचा विवाह लावावा, ही गोष्ट महाराष्ट्रात आता नवलाईची राहिलेली नाही. पुरोगामी चळवळीतील घरांत ती अनेक वर्षे चालत आली आहे आणि चळवळीशी संबंध नसलेली तरुण मंडळीही हल्ली हा मार्ग पत्करताना दिसतात. या प्रथेचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते योग्यही आहे. परंतु कौतुकात दोन प्रश्न मागे पडतात. विवाह लावणाऱ्या माणसाकडे नेमका कोणता अधिकार असतो? आणि पुढे संसार मोडला, तर असा विवाह झाला होता हे त्या स्त्रीने कोणत्या आधारावर सिद्ध करायचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी दिले आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीराव फुले यांनी पुढे या विधींची रचना केली. तीत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, वर ती मान्य करतो, आणि जमलेले आप्तेष्ट ते ऐकतात. प्रतिज्ञा समजेल अशा मराठीत आणि ज्यांचा विवाह त्यांच्याच तोंडून, हे या विधीचे मर्म आहे. तिथे मध्यस्थाला कामच उरत नाही. उभा राहणारा मित्र किंवा नातेवाईक हा केवळ सूत्रसंचालक आणि साक्षीदार असतो.

हा बदल समाजाने सुखासुखी स्वीकारला नाही. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीविना विवाह लावले, तेव्हा ग्रामजोशांनी आपल्या वतनी हक्कासाठी त्यांना न्यायालयात खेचले. तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. सेवा घेतली नाही तरी दक्षिणा द्यावी लागते, असा हा हक्क होता! यजमानांच्या मानेवरचे हे जोखड उतरवण्यासाठी मुंबई कायदेमंडळाला १९२६ साली कायदा करावा लागला. आज मित्राला बोहल्याशेजारी उभे करणाऱ्या तरुणास आपल्याला हे स्वातंत्र्य किती झगड्यानंतर मिळाले याची कल्पना क्वचितच असते.

याच इतिहासात एक सावधगिरीचा धडाही आहे. कोल्हापुरात १९१३ साली सत्यशोधक शाळा निघाली आणि तीत ब्राह्मणेतर तरुणांना विवाहादी विधी चालवण्याचे शिक्षण देण्यात आले. एका जातीची मक्तेदारी मोडण्यासाठी हे पाऊल आवश्यकच होते. पुढे पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे वर्ग निघाले, त्यांचेही महत्त्व कमी नाही. पण पुरोहिताची जात बदलली किंवा तो पुरुष राहिला नाही, म्हणून पौरोहित्य संपत नाही. न समजणारे मंत्र आणि ते म्हणणारा अधिकारी पुरुष किंवा स्त्री, हे नाते कायमच राहते. मित्राने विवाह लावण्याचा अर्थ याहून वेगळा आहे. त्याला मंत्राचा अधिकार नसतो, गोत्राचा नसतो, दक्षिणेचाही नसतो. त्याचा अधिकार एवढाच की, तो या दोघांना ओळखतो आणि उद्याही त्यांच्या घरी येणार-जाणार आहे.

म्हणूनच हे काम पुढाऱ्याकडे सोपवण्याची रीत तपासून पाहावयास हवी. कार्यकर्त्यांच्या विवाहात अंतरपाट जातो आणि ध्वनिक्षेपक येतो. भटजीची मंगलाष्टके दहा मिनिटांत आटोपतात. नेत्याचे भाषण तासभर चालते आणि वधूवर हार हातात घेऊन ताटकळत राहतात. नेत्याच्या हस्ते विवाह म्हणजे नेत्याचा आशीर्वाद, ही भावना जुन्या श्रद्धेची जुळी बहीण होय. त्यापेक्षा वधूच्या विधवा आईने दोघांना एकमेकांसमोर उभे करावे आणि प्रतिज्ञा वदवून घ्यावी. जिला रूढीने मंगलकार्यात मागच्या रांगेत बसवले, तिनेच विवाह लावला तर मांडवातील प्रत्येक बाईला त्याचा अर्थ व्याख्यानाशिवाय कळतो.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात पुरोहिताचा उल्लेख नाही. विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनुसार व्हावा, एवढेच ते कलम सांगते. वरवर पाहता यात पुष्कळ मोकळीक दिसते. पण विधी ‘रूढ’ आहे हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयात विवाह झाला असे म्हणणाऱ्यावर पडतो, आणि असे म्हणण्याची वेळ बहुधा टाकलेल्या स्त्रीवर येते. महाराष्ट्रातीलच एक खटला १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. पहिली पत्नी असताना पुरुषाने गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच ठरले नाही आणि द्विभार्येच्या आरोपातून तो सुटला. विधीतील उणीव पुरुषाची ढाल झाली. पहिल्या पत्नीला न्याय मिळाला नाही आणि दुसरीला पत्नीचा दर्जाही मिळाला नाही.

तमिळनाडूचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. पेरियार रामस्वामी यांच्या चळवळीने १९२८ पासून पुरोहिताविना स्वाभिमान विवाह लावले. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने असा विवाह अवैध ठरवला. तेव्हा ती चळवळ भाषणांवर थांबली नाही. अण्णादुराई यांचे सरकार येताच १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घालण्यात आले. नातेवाईक, मित्र किंवा अन्य व्यक्तींच्या उपस्थितीत दोघांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार जाहीर करावा, किंवा हार अथवा अंगठी घालावी, किंवा थाली बांधावी. विवाह पूर्ण झाला. आधी झालेल्या विवाहांनाही या कलमाने संरक्षण दिले. पुढे २००१ साली तेथील एका पतीने सर्वोच्च न्यायालयात जुनाच बचाव मांडला, की दुसऱ्या लग्नात सप्तपदी झालीच नव्हती. न्यायालयाने ७-अ कलमावर बोट ठेवले आणि त्याला दोषी ठरवले. १९६५ साली जी पळवाट महाराष्ट्रातील पुरुषाला सापडली, ती तमिळनाडूतील पुरुषाला बंद झाली होती.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. वकिलाने आपल्या कचेरीत लावलेला विवाह वैध नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाचे मत होते. ते मत रद्द करून, वकीलही मित्र किंवा नातेवाईक या नात्याने असा विवाह लावू शकतो आणि अशा विवाहासाठी जाहीर समारंभाची सक्ती करता येत नाही, असा निर्णय झाला. घरच्यांच्या धाकाने पळालेल्या आंतरजातीय जोडप्याला मांडव कोण घालून देणार, याचा त्यात विचार आहे.

महाराष्ट्रात मात्र असे कलम नाही. शिवाय २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल, तर केवळ नोंदणीचा दाखला विवाह सिद्ध करीत नाही. म्हणजे मित्राने विवाह लावला, नगरपालिकेत नोंद झाली, आता काळजी नाही, हा समज धोक्याचा आहे. त्या नोंदणीच्या अर्जात पुरोहिताच्या नावाचा आणि सहीचा रकाना आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्या राज्यात सत्यशोधक विवाह जन्माला आला, त्या राज्याचा छापील कागद आजही पुरोहित कोण, असे विचारतो!

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आजच्या घडीला खात्रीचा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आहे. या कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांसह दोघांनी समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार जाहीर करावयाचा असतो. त्याखेरीज विवाह कोणत्या स्वरूपात साजरा करावा, हे कायदा दोघांवर सोपवतो. विवाह लावणाऱ्या मित्राने किंवा आईने त्या तिघांत आपली सही करावी. मांडवातली साक्ष आणि कागदावरची साक्ष एकाच माणसाची असावी. या कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांच्या जिवावर उठते, हे खरे आहे. त्या नोटिशीविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण नोटीस टाळण्यासाठी कच्च्या आधारावर लग्न लावून देणे, हे मित्राचे काम नव्हे.

दुसरे काम मागणीचे आहे. तमिळनाडूसारखी दुरुस्ती महाराष्ट्र विधिमंडळाने करावी. १८७३ पासून चालत आलेल्या प्रथेला एका कलमाचा आधार द्यायला कोणत्याही सरकारला संकोच वाटण्याचे कारण नाही. नोंदणीच्या अर्जातील पुरोहिताचा रकाना बदलून तेथे ‘विवाह लावणारी व्यक्ती’ असे शब्द घालणे, ही तर साधी प्रशासकीय सुधारणा आहे. फुल्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या सर्वपक्षीय आमदारांना ही मागणी पाठवली पाहिजे.

पुरोहित विवाह लावतो आणि दक्षिणा घेऊन निघून जातो. त्या संसाराशी त्याचा संबंध संपतो. मित्राने ती जागा घेतली, तर त्याला निघून जाता येत नाही. नवऱ्याने हात उगारला, घराबाहेर काढले किंवा दुसरा घरोबा केला, तर ‘हे लग्न माझ्यासमोर झाले’ असे न्यायालयात उभे राहून सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मग तो नवरा त्याचा जिवलग स्नेही का असेना. ही जबाबदारी पत्करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने विवाह लावण्याचा मान घेऊ नये.