परसातलं संत्र्याचं झाड: धंदा नाही, धंद्याची शाळा



"सर, घरामागं एक गुंठा जागा रिकामी आहे. संत्र्याची दहा झाडं लावली तर वर्षाला किती सुटतील?" बारामती-इंदापूरकडच्या बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. दहा नको, दोनच लावा. आणि त्यातून पैसे सुटतील अशी आशा धरू नका.

आधी हिशोब करू. संत्र्याला साधारण ६ बाय ६ मीटर अंतर लागतं, म्हणजे एका झाडाला ३६ चौरस मीटर. गुंठा म्हणजे जेमतेम १०१ चौरस मीटर. भागाकार करा, तीन झाडंही नीट बसत नाहीत. कलम लावल्यावर फळ यायला चार-पाच वर्षं. पुढं एका झाडाला ५० किलो माल आणि किलोला ४० रुपये धरले, तरी दोन झाडांचे वर्षाला ४,००० रुपये. त्यातून खत, फवारणी वजा जायचंय. शिवाय 'नागपुरी संत्री' अशी पाटी लावून विकायचा विचार असेल तर तोही सोडा. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव तिकडच्या मालाचं आहे.

मग लावायची तरी कशाला? शिकायला! एकरात याच अंतरानं ११० झाडं बसतात. तिथं चूक झाली तर ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळते, आणि तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. तीच चूक परसात दोन कलमांच्या किमतीत शिकता येते.

मी स्वतः परसात पाच कलमं लावली होती. तीन गेली. का गेली ते सांगतो.

पहिली चूक, खुंट विचारलाच नाही. संत्र्याचा डोळा जंबेरीवर भरतात किंवा रंगपूर लिंबावर. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी जमीन चुनखडीची आणि बोअरचं पाणी खारट. तिथं रंगपूर लिंबाचा खुंट जास्त तग धरतो. मी फक्त "स्वस्त कुठलं?" एवढंच विचारलं.

दुसरी चूक, कलमाचा जोड मातीत गाडला. खोडाला सतत ओल लागली, डिंक्या आला. जोड जमिनीच्या चांगला वर हवा. आळं दुहेरी करा, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. खोडाला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन झाडांना याच प्रमाणात थोडी करा.

तिसरी चूक, मोरीचं पाणी झाडाला सोडलं. साबण-सोडा मुळाशी गेला तो वेगळाच, पण रोज पाणी मिळाल्यावर झाडाला ताणच बसला नाही. आपल्या हवेत ताण बसल्याशिवाय संत्रा नीट फुलत नाही. जी दोन झाडं वाचली, त्यांना पाला रग्गड, फळ मात्र मोजून सात!

खारट जमिनीचं दुखणं आपल्याकडं नवं नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, आणि १९१० मध्येच पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी ताम्हाणे यांच्यासोबत नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी माती तपासली, आणि आपण आज कलम आणतो नि मग विचार करतो! बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून मिळतं. खड्डा खणण्याआधी तिथं जा.

"सर, मग कलमंच तयार करून विकू का?" विका, पण फळझाडांची रोपं विकायला १९६९ च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका कायद्यानुसार परवाना लागतो. परवान्याशिवाय बोर्ड लावू नका.

आणि कमाईच हवी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: परसात संत्र्यापेक्षा कागदी लिंबू बरं. राहुरी विद्यापीठाचे साई शरबती, फुले शरबती हे वाण आहेत. एप्रिल २०२२ मध्ये लिंबाचे भाव कुठं गेले होते ते आठवा. उन्हाळ्यात रसवंतीवाला, हॉटेलवाला, लोणचं घालणाऱ्या ताई, गिऱ्हाईक गावातच आहे. अर्थात तो भाव दरवर्षी मिळत नाही, त्यामुळं हिशोब पडत्या भावानंच करा.

तर मित्रांनो, संत्रा जरूर लावा. घरची गोड फळं पोरांना खायला मिळाली तरी खूप झालं. फक्त एक वही करा. खुंट कोणता, पाणी किती, खर्च किती, फुलं कधी आली, सगळं तारखेसकट लिहा. पाच वर्षांनी झाडाच्या फळांपेक्षा ती वही जास्त किमतीची निघेल. ज्याला दोन झाडांचा हिशोब ठेवता येत नाही, त्यानं ११० झाडांसाठी बँकेत जाऊ नये.