साक्षीदार म्हणून मुकादम नको

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळच्या शीळफाट्याच्या लकी कंपाऊंडमधली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. वरच्या मजल्यांचे काम चालू असतानाच खाली बिऱ्हाडे राहायला आली होती. अशा घरांत कोण राहते, का राहते, भाडे किती भरते, हे अभ्यासकांनी विचारलेच पाहिजे. प्रश्न आहे तो कसे विचारायचे याचा.

ज्याच्या डोक्यावरचे छप्परच अनधिकृत, त्याला त्याचे कुठलेही उत्तर भोवू शकते. नावाऐवजी क्रमांक टाकला की गोपनीयता पाळली, असे आपण धरून चालतो. पण टॅबवरचे अ‍ॅप दारात उभ्या उभ्या अक्षांश-रेखांश टिपते, एखादा कार्यकर्ता दाराचा फोटोही जोडतो. त्यात भाडे आणि लाइट मीटर कोणाच्या नावावर आहे, हेही आले की ते घर शोधायला नावाची गरज उरत नाही. नोटीस घेऊन येणाऱ्यालाही नाही आणि खोली खाली करायला लावणाऱ्या मालकालाही नाही. स्थाननोंद गरजेची नसेल तर ती बंदच ठेवावी.

वाचता न येणाऱ्याची संमती निःपक्ष साक्षीदारासमोर घ्यावी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बांधकामाच्या साइटवर साक्षीदाराची सही बऱ्याचदा मुकादमाची असते. उद्याची हजेरी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर मजूर ‘नाही’ कसा म्हणेल? मुकादमाकडून आवारात शिरण्याची परवानगी घ्या. संमती मजुराचीच, त्याला कळेल त्या भाषेत, बाजूला बसून. मुलाखतीपायी मजुरी बुडाली तर ती भरून द्या. तो उपकार नव्हे.

‘ही तत्त्वे डॉक्टरांसाठी, आम्ही तर नुसते प्रश्न विचारतो’ ही सबब आता चालणार नाही. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वे मुंबईतल्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच प्रसिद्ध झाली. आणि ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाला तो दिवस पुन्हा सांगायला लावणे, हे नुसते प्रश्न विचारणे नसते. तो मध्येच गप्प झाला तर रेकॉर्डर बंद करा, प्रश्नावली अर्धी राहिली तरी चालेल.

पुढील अंकापासून क्षेत्रपाहणीवर लेख पाठवणाऱ्यांनी संमती कोणत्या भाषेत आणि कोणासमोर घेतली, स्थाननोंदी ठेवल्या की पुसल्या, हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहावे. नुसते नैतिकता समितीचे मंजुरीपत्र जोडलेला लेख स्वीकारला जाणार नाही.